शोभाताईंनी काढलेला दसऱ्याचा तक्ता

हिंगण्याच्या आमच्या कारखान्यात एक रीत होती. दसऱ्याला सकाळची पाळी सोनं वाटणाऱ्यांनी घ्यायची, म्हणजे दीक्षाभूमीला जाणारे मोकळे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, पोरं लाकडी बैल मिरवतात त्या तान्ह्या पोळ्याला, मग दीक्षाभूमीवाले सोनंवाल्यांची पाळी ओढायचे. ही रीत कोणी घातली ठाऊक नाही, पण ती मोडलेली मी कधी पाहिली नाही.

सत्त्याऐंशी साली पाळ्यांचा तक्ता कॉम्प्युटर काढू लागला. तो चालवायच्या शोभाताई मेश्राम. कॉम्प्युटरला आमची रीत काय माहीत! त्याने दसऱ्याला लहानूला कामावर बसवलं. लहानूची आई डोळ्यांनी अधू. दरवर्षी त्याच्याच हाताला धरून ती दीक्षाभूमीवर जायची.

ताईंनी प्रोग्राममध्ये रीत लिहिली, नवा प्रोग्राम तयार केला. पडद्यावर चूक एकही नाही. तक्ता छापला, तर लहानू कामावरच. पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच.

"पाच वाजता हातात असेल तो तक्ता फळ्यावर लागेल, बाई," व्यवस्थापक वामनराव बजावून गेले.

लहानू दारात येऊन उभा राहिला. "ताई, या मशीनले माहा एवढा राग काहून?"

"तिले नाही गा, मलेच राग येऊन राहिला."

दुसरं कोणी तिसऱ्यांदा लिहायला बसलं असतं. ताई हात मांडीवर ठेवून स्वस्थ बसल्या. मग रोज चालवायच्या जुन्या प्रोग्रामचं नावच त्यांनी बदलून टाकलं, नवा पुन्हा त्या मूळ नावाने तयार केला आणि नेहमीसारखा चालवला. पडदा म्हणाला, असा प्रोग्राम सापडत नाही.

ताई हसल्या. नवा प्रोग्राम तयार होऊन मशीनमधल्या भलत्याच कप्प्यात जाऊन पडत होता, आणि चालत होता तो दरवेळी जुनाच. तो कुठे ठेवायचा आणि कुठून चालवायचा, याच्या दोन सेटिंगा दोन वेगळ्या पानांवर. मशीन बसवणाऱ्याने त्यातली एकच बदलली होती. ताईंनी दुसरी जुळवली आणि तक्ता छापायचं बटण दाबलं.

बाहेर कंपनीची बस हॉर्न देत होती.

"झालं काय होतं, ताई?" लहानूने विचारलं.

"मशीन गरम भाकरी एका टोपल्यात टाकत होती अन् वाढत होती दुसऱ्यातून. शिळीच येईन नं! मायले सांग, सकाळी लवकर निघा. गर्दी राहते."

"तुम्ही?"

"येतो न मी बी."

तक्ता लहानूनेच फळ्यावर लावला. चारी कोपऱ्यांना टाचण्या टोचल्या, आणि बसकडे पळता पळता परत फिरून मोकळ्यांच्या रकान्यातलं आपलं नाव पुन्हा एकदा वाचलं.