सिंगापूरहून आलेली नळी

दिनानाथ भोपी बदलापूरचा. सोळा वर्षं रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये लेथ चालवून तो अंबरनाथला चेलाराम शेटच्या कारखान्यात मिस्तरी झाला. शिवमंदिराच्या रस्त्याला पत्र्याची शेड, तीन लेथ, आठ माणसं. दिनानाथ दिवसाला चाळीस पितळी नळ्या काढी, आटे पाडून, झाकणासकट. एकोणचाळीस नाहीत, एकेचाळीस नाहीत.

बारवीकडच्या पाड्यावरून आलेल्या कान्हाला लेथ त्यानेच शिकवला. चार वर्षांत कान्हा पन्नास काढू लागला. गिऱ्हाइकं शेटला सांगायची, "कान्हाच्या हातच्या द्या." ते दिनानाथला सहन होईना. एकदा बायकोने, सरूने, कान्हाचं नुसतं नाव काढलं, तर हा भरल्या ताटावरून उठला.

छप्पन सालच्या जानेवारीत मुंबईचे सीआयडी इन्स्पेक्टर कारखान्यात आले. बरोबर सिंगापूर पोलिसांतला टॅन नावाचा ठेंगणा अधिकारी. तिकडच्या बाजारात कुणी दोन बॉम्ब ठेवले होते. एक फुटला, अकरा माणसं गेली. दुसरा फुटलाच नाही. त्यातली रिकामी नळी टॅनने बाकावर ठेवली. बुडाला शेटचा शिक्का होता. त्या शिक्क्याचा फोटो देशोदेशीच्या पोलिसांकडे फिरत फिरत मुंबईला ओळखला गेला होता.

शेट घामाघूम झाला. "साईं, आम्ही पंपाच्या नळ्या विकतो! या मापाचा माल दोन गिऱ्हाइकांनीच नेला. एकाचा कान्हाने केला, दुसऱ्याचा दिनानाथने."

"मग ही कुणाची?" इन्स्पेक्टरांनी विचारलं. "कारीगर कळला की गिऱ्हाईक कळलं."

टॅन इंग्रजीत काही बोलला. इन्स्पेक्टर म्हणाले, "साहेब म्हणतात, इतकं सफाईचं काम त्यांनी पाहिलं नाही."

"मग कान्हाचीच," शेट लगेच म्हणाला. बाकीच्यांनीही माना डोलावल्या.

कान्हाने नळी उलटीपालटी केली. "माझी वाटत नाही साहेब. पण नक्की सांगता येत नाही. शिकवण एकच."

दिनानाथने नळी ओळखली होती. गप्प बसला असता तर पोलीस कान्हाला घेऊन गेले असते, आणि भलताच व्यापारी आत गेला असता. क्षणभर ते त्याला गोडही वाटलं. पण साहेबाने नावाजलेलं काम कान्हाच्या नावावर जाणार, हे काही केल्या गिळवेना.

"माझी आहे," तो म्हणाला.

"काय कबूल करतोयस, कळतंय का?" इन्स्पेक्टर म्हणाले. "बॉम्बची नळी आहे."

"बॉम्ब ज्याने भरला त्याचा. नळी माझी."

"मिस्तरी, गप बसा ना," कान्हा कुजबुजला.

"तू गप. दुसऱ्याच्या कामावर मोठा होऊ नकोस."

मग दोघांनाही टॅनसमोर एकेक नळी करायला लावली. दिनानाथने हातातली सगळी वर्षं त्या एका नळीत ओतली. टॅनने तिन्ही नळ्या भिंगाखाली धरल्या. बराच वेळ पाहिलं आणि दिनानाथकडे बोट केलं.

दिनानाथची छाती फुगली. "सांगा त्यांना, कशावरून ओळखलं?"

इन्स्पेक्टरांनी विचारलं, मग जरा घुटमळले. "शेवटच्या आट्याला कापायचं टूल बाहेर काढताना तुझ्या हाताला हिसका बसतो. बारीक ओरखडा राहतो. बॉम्बच्या नळीवर आणि तुझ्या आत्ताच्या नळीवर तोच आहे. कान्हाच्या नळीवर ओरखडा नाही."

शेडमध्ये कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

दिनानाथच्या मालाचं गिऱ्हाईक त्याच दिवशी मशीद बंदरला सापडलं. महिन्याभराने सिंगापूरची तार आली: त्याचा माणूस तिथल्या गोदीत नळ्यांच्या आणखी एका पेटीसकट पकडला गेला होता. शेटने पेढे वाटले. दिनानाथने पेढा तसाच बाकावर ठेवला.

कान्हाने साहेबांपुढे केलेली नळी कारखान्यातच राहिली होती. दिनानाथने तिचं झाकण एका बोटाने फिरवलं. ते कुठेही न अडता शेवटच्या आट्यापर्यंत गेलं. त्याने काढून पुन्हा फिरवलं. पुन्हा तसंच.

"कान्हा," तो त्याच्याकडे न बघता म्हणाला, "टूल बाहेर काढायच्या आधी तू नेमकं काय करतोस?"

"काय नाय मिस्तरी. श्वास सोडतो."

"एवढंच?" दिनानाथ करवादला. मग लेथ सुरू केला, पितळ लावलं आणि शेवटच्या आट्याशी येऊन श्वास सोडला.

हिसका बसलाच. त्याने दुसरं पितळ लावलं.