पाटीवर तपासलेला दमा

बायकोला जुना दमा. छोट्या यंत्रात पावडरीची कॅप्सूल बसवायची, यंत्र फिरवून ती फोडायची आणि दम ओढायचा, हा तिचा रोजचा नेम. मागच्या हिवाळ्यात गंगाखेडच्या आमच्या मेडिकलवाल्यानं दुसऱ्याच कंपनीची डबी हातावर ठेवली.

"औषध तेच हाय, सर. यंत्र जुनंच चालतंय."

मी निवृत्त विज्ञान शिक्षक. तपासल्याशिवाय मान डोलवली तर तो मी कसला! घरी काळी पाटी काढली. एका बाजूला जुनी कॅप्सूल रिकामी केली, दुसऱ्या बाजूला नवी. पावडर तेवढीच, पांढरीही तेवढीच. दुकानात जाऊन भर गिऱ्हाइकात निकाल जाहीर केला, "दोन्ही सारख्याच!"

चार दिवस बायको सांगत होती, "अहो, हे छातीत उतरंना. घशातच बसायलंय."

"मनाचे खेळ हायत तुझे."

पाचव्या दिवशी तुरीच्या शेंगा सोलता सोलता ती अर्ध्या वाक्यात थांबली. ओठ निळसर पडले. रिक्षात तिला धरून बसलो, तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा मला काही समजावून सांगायचं नव्हतं.

वाफ देऊन श्वास ताळ्यावर आल्यावर डॉक्टरांनी आमचं यंत्र उघडलं. कॅप्सूल नीट फुटलीच नव्हती, अर्धी पावडर आतच.

"ही कॅप्सूल तिच्या स्वतःच्या यंत्रातून तपासलेली असते. छातीपर्यंत किती पोचतं ते बघून मग सारखी म्हणतात. तुम्ही कशावर तपासली?"

सांगितलं.

"पाटीला दमा आहे का, सर?"

बायको खाटेवरून हसली. त्यानं तिला पुन्हा खोकला आला.

दुसऱ्या दिवशी दुकानात माझा पारा चढलेला. जीव जायची वेळ आली आणि हा म्हणतो 'चालतंय'! छातीत उतरतं का, हे विचारायची ह्याला गरज वाटली न्हाई?

"नवं यंत्र का दिलं न्हाईस?"

"सर, तुमीच तर तपासलं म्हणलात! तुमच्या जबानीवर आणखी दोघांना दिली की मी."

काउंटरवर हात आपटून म्हणालो, "लाव फोन! आत्ता!"

दोघांपैकी पिंगळीच्या बाईंना फोन लागला, जुन्या यंत्रात ती कॅप्सूल घालू नका म्हणून सांगितलं. सोनपेठच्या म्हाताऱ्यांकडं फोनच नव्हता. त्यांच्या गल्लीची खूण विचारली, नवं यंत्र खिशात घातलं आणि मी सोनपेठची एसटी धरली.