अगस्त्य बुडेपर्यंत: देवनहळ्ळीपलीकडची एक रात्र

हा ब्लॉग माझ्या नातीचा, नंदिनीचा. एरवी ती डोंगर चढते, फोटो काढते आणि तुम्ही वाचता. या वेळी टाइप ती करते आहे, बोलते आहे मी, तुळसाआजी, राहणार जयनगर, बेंगळूरू. मला अक्षर येत नाही, त्यामुळे चुका सापडल्या तर त्या तिच्या.

तारे बघायला जायचं माझं वय नाही. दोन जिने चढले की मी तिसऱ्याला रामराम करते. पण गेल्या वर्षी डोळ्यातला मोतीबिंदू काढला आणि दिसू नये ते दिसायला लागलं. एका संध्याकाळी गच्चीवर गेले तर वर एक तारा लखलखत होता. म्हटलं, “नंदू, बघ, अगस्त्य.” तिनं फोन आकाशाकडे धरला. “आजी, हा व्याध. अगस्त्य खाली आहे, समोरच्या अपार्टमेंटच्या मागे.” मी म्हटलं, फोनला काय कळतं, परवा आपल्याला आपल्याच गल्लीत गोल फिरवत होता. म्हटलं खरं, पण कठड्यापर्यंत जाऊन अपार्टमेंटच्या मागे काही दिसतंय का ते वाकून बघितलं.

का, ते आधी सांगते, नाहीतर पुढचं सगळं नुसती थंडी आणि जांभया वाटेल. लग्न होऊन मी देवनहळ्ळीजवळच्या शेतावर आले तेव्हा विहीर एक, मोटार एक आणि चुली दोन: आमची, आणि थोरल्या जावेची, कावेरीअक्काची. माघात विहीर आटायला लागली की रात्रीचं पाणी वाटून घ्यायचं. दिवेलागणीपासून अगस्त्य डोंगरामागे बुडेपर्यंत आमचं, तिथून उजाडेपर्यंत अक्काचं. घरात घड्याळ होतं, पण ते मला वाचता येत नव्हतं. आमच्या यांना एकदा झोप लागली की मोटार काय, कानाशी बँड वाजवला तरी ऐकू जात नसे. म्हणून ताऱ्यावर नजर ठेवायचं काम माझं. सासूबाईंनी नव्या सुनेला एकदाच सांगितलं होतं, “दक्षिणेकडचा, चांगला तेजस्वी.” मी सगळ्यांत तेजस्वी तो धरला.

अक्का मध्यरात्रीनंतर बांधावर येऊन ओरडायची, “तुळसे, अगस्त्य कधीच बुडाला, सोड पाणी!” मी माझा तारा दाखवायची, “हा काय टांगलाय!” ती म्हणायची, हा नव्हे. मी म्हणायची, मग तुझा कुठला, दाखव. आता बुडालेला तारा ती दाखवणार कशी? तिची पाळी येईपर्यंत विहिरीचा तळ दिसायला लागलेला असायचा. एका माघात तिचा सगळा घेवडा वाळला. तेव्हा मी चारचौघांत दिव्यावर हात धरून शपथ घेतली, की अगस्त्य बुडाल्यावर एक क्षणही पाणी ठेवून घेतलं नाही. त्या दिवसापासून अक्का माझ्याशी बोलली नाही. पुढे वाटण्या झाल्या, आम्ही शहरात आलो, जमिनी गेल्या, दोघींचे नवरे गेले. लग्नाकार्यात समोर आले तर ती माझ्या कानाकडे बघते.

पन्नास वर्षं मी सगळ्यांना सांगत आले की जाऊ खोटारडी. फोनचं खरं असेल तर खोटारडी मी. हे मला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं, त्याच डोंगरामागे.

अमावास्येला लागून शनिवार आला तसे निघालो. मेट्रोनं मॅजेस्टिक, तिथून देवनहळ्ळीची साधी बस. तिला बायकांना पैसे पडत नाहीत, आधार कार्ड दाखवायचं. कंडक्टर माझ्या कार्डावरच्या फोटोकडे आणि माझ्याकडे आळीपाळीनं बघत राहिला. मी म्हटलं, “अप्पा, फोटोतली मेलेली दिसते, खरी ही आहे.” हेब्बाळपर्यंत बस चालली कमी, उभी जास्त. जेवून निघा, पाणी घ्या आणि खिडकीची जागा सोडू नका.

देवनहळ्ळीहून पुढे ऑटो. त्यानं चारशे सांगितले.

“स्वल्प कमी करा अण्णा.”

“अज्जी, येताना रिकामं यावं लागतं.”

“मग रिकामी गाडी हलकी. पेट्रोल वाचेल तुझं.”

तो हसला आणि साडेतीनशेला कबूल झाला. वाटेत आमचं शेत लागलं. म्हणजे शेत होतं तिथे एक मोठी कमान लागली, आत दगड रोवून पाडलेले प्लॉट. नंदिनीनं विचारलं, थांबायचं का? मी नको म्हटलं. विहीर बुजवलेली बघायला त्राण नव्हतं.

राहायची जागा म्हणजे एका द्राक्षबागेतलं घर. माणशी अठराशे, त्यात रात्रीचं जेवण, सकाळचा नाश्ता आणि दुर्बीण. गाद्या पातळ. गुडघेवाल्यांनी कमोड आहे का ते फोनवरच विचारून घ्यावं, मी घेतलं नाही. जेवायला रागीमुद्दे, म्हणजे नाचणीचे गोळे, आणि आमटीसारखं सारू, तेवढं मात्र गरम आणि पोटभर. व्हाइटफील्डहून आलेलं एक तरुण जोडपं शेजारी बसलं होतं. त्यातला मुलगा हिंदीत म्हणाला, “आजी, तारे बघायला पहिल्यांदाच?”

“नाही रे बाळा, पूर्वी रोज बघायचे. तेव्हा फुकट होतं.”

जेवणानंतर सगळे गच्चीवर गेलो. दुर्बीणवाली शुभा, शाळेत विज्ञान शिकवते, आवाज खणखणीत. तिनं आधी माफी मागितली, कारण दक्षिणेकडचं आकाश खालून पिवळट होतं. तो आमच्या बेंगळूरूचाच उजेड. इतके धक्के खात ज्याच्यापासून पळालो तो समोर येऊन बसलेला. तेव्हा तुम्हाला थंडीतलं दक्षिणेचं आकाश नीट बघायचं असेल तर शहराच्या दक्षिणेला जा, म्हणजे हा उजेड पाठीमागे राहील. माझी गरज वेगळी होती.

शुभानं हिरव्या किरणानं एकेक दाखवायला सुरुवात केली. मृग, त्याचे तीन तारे, कृत्तिकांचा पुंजका. दुर्बिणीतून मृगातला तेजोमेघ दाखवला. मला धुरकट डाग दिसला, पण सगळे “वा” म्हणत होते म्हणून मीही म्हटलं. मग किरण वर गेला, माझ्या ताऱ्यावर.

“हा व्याध. रात्रीच्या आकाशात याच्यापेक्षा तेजस्वी तारा नाही. आणि त्याच्या सरळ खाली, तिथे, अगस्त्य.”

खाली, पिवळट उजेडाच्या वरच्या काठावर, एक तारा शांत उभा होता. चांगला ठळक. व्याध शेजारी नसता तर मी त्यालाच धरलं असतं.

“नक्की?” मी विचारलं.

“नक्की, अज्जी.”

“सरी, ठीक,” मी म्हटलं आणि खुर्ची मागवली.

बारापर्यंत सगळे झोपायला गेले. शुभाही दुर्बीण झाकून गेली. राहिलो मी, नंदिनी आणि एक घोंगडी. दव पडत होतं, स्वेटर ओला, पाय लाकडाचे. “आजी, कळलं ना आता? चल झोपू,” नंदिनी म्हणाली. मी म्हटलं, कुठला तारा ते कळलं, किती पाणी ते कळायचंय. ती खुर्चीतच पेंगली. मागून त्रिशंकूचे चार तारे तिरके वर आले. नंदिनीनं जेवताना त्यांचं चित्र दाखवलं होतं, म्हणून ओळखले. कौतुक करायला अंगात जीव नव्हता.

अगस्त्य हळूहळू उजवीकडे कलला, तांबूस झाला आणि डोंगराच्या धारेवर एकदा लुकलुकून गेला. मी नंदिनीला हलवलं. “किती वाजले?”

“पावणेदोन.”

व्याध अजून चांगला वर होता. ऐटीत. याच वेळेला अक्का बांधावर यायची. मी बसून राहिले. तो डोंगराला टेकला तेव्हा नंदिनी म्हणाली, “तीनला पाच कमी.”

तास आणि दहा मिनिटं. रोज रात्री.

सकाळी इडली खाल्ली, मऊ होती, चव कळली नाही. नंदिनी बस बघायला निघाली तर मी म्हटलं, आधी देवनहळ्ळीत किल्ल्यामागे जायचं. अक्का तिथे मुलाकडे असते. पायरीवर उन्हात बसली होती.

“अक्का,” मी म्हटलं. ती माझ्या कानाकडे बघायला लागली.

“अक्का, तो व्याध होता.”

आता तिनं डोळ्यांत बघितलं. “किती?” तिनं विचारलं.

“तास आणि दहा मिनिटं.”

“म्हणजे माझं खरं होतं.”

“होय.”

“मोठ्यानं म्हण. सून आत आहे.”

मी मोठ्यानं म्हटलं. आत मिक्सर चालू होता, तो थांबल्यावर परत म्हटलं.

“दिव्यावर हात धरला होतास.”

“धरला होता.”

“भाजला नाही?”

“नाही.”

“भाजायला पाहिजे होता,” अक्का म्हणाली आणि पायरीवर स्वल्प सरकली. तेवढ्या जागेत मी मावत नव्हते, तरी बसले. सुनेनं कॉफी आणली. मोठा पेला अक्कानं घेतला.

घरी येऊन दोन दिवस मी अंथरुणात होते. नंदिनी विचारते, वाचणाऱ्यांना काय सांगायचं, जावं की नाही? जा. पाठीला टेकू असलेली खुर्ची, कानटोपी आणि थर्मास घेऊन जा. ती असंही म्हणते की आजी, तू चुकलीस, चोरी नाही केलीस. असेल. पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही. त्या महिन्यात संध्याकाळी आठला दोन्ही तारे वर असतात, एकाखाली एक. एखाद्या संध्याकाळी अक्काला अंगणात बोलावून नुसतं विचारलं असतं, तुझा कुठला? भाकरी तव्यावर असताना होण्यासारखं काम होतं. पन्नास वर्षांत मला ते सुचलं नाही, कारण माझं बरोबर होतं.

मंगळवारी रात्री नऊला फोन वाजला.

“काय गं, दिसतोय का?” अक्का.

“इथून व्याधच दिसतो. तुझा बिल्डिंगमागे आहे.”

“तुझ्यावर सोडलंय कोणी? इथून दिसतो. मी बसलेय, तू झोप. बुडाला की उठवते, रोज थोडा आधीच बुडतो तो. पाणी माझं आहे.”

फोन उशाशी ठेवून झोपले. दीड वाजता तो वाजला.