मामीचा आवाज परत आला

आमची मामी बसस्थानकावर घोषणा करायची. आवाज असा खणखणीत, की बाकावर पेंगणारा माणूसही पिशवी उचलून उभा राहायचा. घरीही तिची टकळी चालूच. मामा शिंपीकाम करायचा. मशीन थांबवून तो म्हणायचा, "अगं बाई, इथे कुणाची बस सुटत नाहीये!"

एका सकाळी मामी उठली ती मुकीच. ओठ हलत होते, आवाज फुटेना. गल्लीतले डॉक्टर म्हणाले, "अफोनिया. बोलून बोलून गळा बसलाय. विश्रांती द्या, येईल आवाज." मामाचा जीव भांड्यात पडला. काय हवं ते लिहून दाखव, म्हणून त्याने तिच्या हातात कापडावर खुणा करायचा खडू दिला. तिने मेजावर नुसत्या वेड्यावाकड्या रेघा ओढल्या.

"रुसलीय," मामा म्हणाला.

चार-पाच दिवसांनी ती बोलली. स्पष्ट, पूर्वीच्याच सुरात. "खिडकी." मामाने आनंदाने धावत जाऊन खिडकी उघडली. मामीने मान हलवली आणि पाण्याच्या पेल्याकडे बोट दाखवत पुन्हा म्हणाली, "खिडकी."

मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरबाईंनी वेगळाच शब्द सांगितला. अफेझिया.

"दोघी बहिणी-बहिणीच वाटतात की," मामा कसनुसं हसला. "एक बरी होते, तर दुसरीही होईल."

"नावं जुळतात काका, दुखणी नाही," बाई हळूच म्हणाल्या. "अफोनियात शब्द डोक्यात शाबूत असतात, गळा साथ देत नाही. अफेझियात गळा ठणठणीत, पण शब्दच सापडत नाहीत. यांच्या मेंदूत रक्ताची गुठळी अडकली होती. त्याच दिवशी आणलं असतं तर..."

मामा कुणाशी भांडला नाही. "मी म्हणालो, रुसलीय," एवढंच पुटपुटत राहिला.

वाईट हे, की मामीला कळायचं. चुकीचा शब्द निसटला की तिचे डोळे भरायचे. ती मामाला "चादर" अशी हाक मारायची आणि तो मुकाट "ओ" द्यायचा. हळूहळू तिने बोलणंच सोडलं.

"शांत झाल्या हो," शेजारीण म्हणाली.

"शांत कसली? दमली ती," मामा म्हणाला.

ती गेली त्या दुपारी मामा उशाशी होता. कितीतरी दिवसांनी ती बोलू लागली, सलग, स्वच्छ आवाजात. एकही शब्द जागेवर नव्हता. मामाने तिला मध्येच तोडलं नाही. ऐकून झाल्यावर म्हणाला, "बरं. तसंच करू."

नंतर मी विचारलं, "मामा, काय सांगत होती?"

"कुणाला ठाऊक," म्हणाला, आणि मशीनकडे तोंड करून बसला.