संगणकाच्या खोलीबाहेरचा साबण

वाळूजच्या एका कारखान्यानं आमच्या प्राथमिक शाळेला संगणक दिला, तेव्हा आठ दिवसांचं प्रशिक्षण घेतलेली शाळेत मी एकटीच. काय तोरा होता माझा! कडक इस्त्रीची साडी, गरज नसलेला चष्मा, आणि त्या खोलीत कुणी शिंकलं तर असं बघायची, जणू यंत्रालाच पडसं होणार. यंत्र बंद करताना मात्र गुपचूप कुलदैवताचं नाव घ्यायची.

पोरं माझ्याहून धीट. पडद्यावरच्या कासवाला हुकूम द्यायचा, पुढं जा, उजवीकडं वळ, की ते मागं रेघ ओढत चालायचं. यंत्र एकच, म्हणून सराव मैदानात. एक पोरगं कासव व्हायचं, दुसरं हुकूम सोडायचं. चौथीतली एक मुलगी असे नेमके हुकूम द्यायची की चौकोन पुरा करून पोरगं निघालं तिथंच येऊन थांबायचं. तिला एकदा पडद्यावरचं खरं कासव चालवायचं होतं. बस, एवढंच.

पण दर शनिवारी संगणकाच्या तासाला दाराशी हेडमास्तर उभे. दिवस विद्यापीठाच्या नामांतराचे. क्रांती चौकातल्या मोर्चात तिचा बाप पुढं असायचा. हेडमास्तरांनी तोंडानं कधी जात काढली नाही. ते तिचे हात बघायचे.

"मळ आहे. धुऊन ये."

ती नळावरून परत यायची.

"अजून आहे. जा."

असं करता करता तास संपायचा. साहेब लोकांची पोरं मात्र बोरं खाऊन चिकट हातांनी खुशाल आत! आज इतक्या वर्षांनी लिहितानाही माझं डोकं तापतं.

एकदा तिनं मलाच विचारलं, "बाई, मळ कुठाय ते दाखवा ना. मी तेवढंच घासते."

तळहात घासून लालेलाल झाले होते. काय दाखवू, कपाळ?

पुढच्या शनिवारी कारखान्याचे साहेब वर्ग बघायला आले. हेडमास्तरांच्या आधी मीच दाराशी उभी राहिले. बादली, साबण, आणि पाणी घालायला शिपाईचाचा.

"साहेब, हात."

"अहो बाई, हे काय?" हेडमास्तर किंचाळले.

"तुमचाच नियम, सर."

साहेब हसत बाह्या दुमडू लागले. चाचा पुटपुटले, "बाई, नौकरी जाती तुमची."

"जाऊ द्या चाचा, पानी डालो."

साहेबांचे हात निरखून मी म्हटलं, "मळ आहे. परत." मग हेडमास्तरांकडं वळले. "सर, आता तुम्ही."

त्यांचे हात ओले असतानाच मी त्या मुलीला आत सोडलं. एका बोटानं एकेक कळ दाबत तिनं चौकोन काढला. कुणाकडं बघितलंसुद्धा नाही.

सोमवारी दाराशी साबण नव्हता. हेडमास्तर सगळ्यांना सांगत होते, "मुलांचा वेळ जातो हो, म्हणून मीच ते हात तपासणं बंद केलं." मीच म्हणे! मेल्याला लाज नाही.

त्यानंतरच्या शनिवारी ती सवयीनं नळाकडंच निघाली होती. मी खेकसले, "ए भवाने, तिकडं कुठं? कासव खोळंबलंय!"