आईला डीमनमधून दिसलेलं ट्रॉम्सो

असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आयुष्य गेलं, कोणी काही सांगितलं की मी आधी पुरावा मागते. त्यामुळे हे लिहिताना माझीच मला चीड येतेय... पण घडलं ते घडलं.

२००५ चा हिवाळा. आम्ही अ‍ॅमस्टरडॅमला लागून डीमनमध्ये राहायचो. पुण्याहून आई तीन महिन्यांसाठी आली होती. व्हिसा, तिकीट, इन्शुरन्स — सगळं मी केलं. धाकटा भाऊ नितीन नॉर्वेत ट्रॉम्सोला होता, पार उत्तरेला, बेटावरच्या शहरात. आईला खरं तर तिकडेच जायचं होतं. पण तो म्हणाला, "ताई, इथे दोन महिने सूर्यच उगवत नाही. आईला नाही झेपणार." मग तूच ये म्हटलं, तर त्याला सुटी नव्हती. सूर्याचं मी आईला सांगितलंच नाही, उगाच काळजी करत बसली असती.

नोव्हेंबर संपताना एका दुपारी, खिडकीतून चक्क ऊन येत असताना आई म्हणाली, "अंधारलं गं, दिवा लाव."

मी घाबरून तिला हाउसआर्ट्सकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे नेलं. त्याने डोळे तपासले, चार प्रश्न विचारले आणि सवयीप्रमाणे पॅरासिटामॉल घ्यायला सांगितलं.

मग ते रोजचंच झालं. जेवताना मध्येच सांगायची — पुलावर वारा फार सुटलाय, पलीकडच्या त्रिकोणी चर्चमध्ये दिवे लागलेत. माझा नवरा मिलिंद म्हणाला, हे तर ट्रॉम्सोचं वर्णन, नेटवर फोटो पाहिले असतील. आईला माउससुद्धा धरता येत नव्हता. एकदा म्हणाली, नितीन बर्फावरून घसरलाय, डावं मनगट बांधलंय. मी फोन लावला. तो म्हणाला, "तुला कोणी सांगितलं?"

त्याच आठवड्यात माझं बाळ पोटातच गेलं. तिसरा महिना होता, मिलिंदशिवाय कोणाला माहीत नव्हतं. आईला पित्त झालंय म्हणून सांगितलं आणि पडून राहिले. मनात होतं, हिला एवढं दिसतंय तर हेही दिसेल. ती मला आलं-लिंबू देऊन गेली.

जानेवारीत एका संध्याकाळी म्हणाली, "चौकात पडदा लावलाय, लोक बर्फात उभ्याने सिनेमा बघतायत. नितीनही आहे. टोपी नाही घातली बघ त्याने." मी त्याला विचारलं. तिकडे दर जानेवारीत फिल्म फेस्टिव्हल असतो म्हणे, आणि त्यासाठी पठ्ठ्याने आठवडाभर सुटी काढली होती! हे आईला सांगितलं तर म्हणाली, घेऊ दे गं, पोराने अंधारात किती दिवस काढायचे.

माझा तोल गेला. म्हटलं, "आई, तिकडचं एवढं दिसतं तुला. मी रोज तुझ्यासमोर असते. माझं काय दिसतं ते सांग ना."

ती हसली. "तुझं काय बघायचं? तुझ्याकडे कधी बघावं लागलंच नाही मला."

कौतुकाने म्हणाली हो ती. तेच जास्त लागलं.

आई आता नाही. तिला ट्रॉम्सो कसं दिसायचं, ते ना मला कळलं, ना नितीनला. बाळाचं मात्र मी तिला शेवटपर्यंत सांगितलं नाही.