बोर्डाने न मोजलेला हात

सरकारी दवाखान्यातल्या अपंगत्व बोर्डाच्या डॉक्टरने मला फसवलं. माझ्या हाताला हात न लावता त्याने टक्के लिहिले.

मी नागपूरजवळच्या खापा गावच्या विणकराच्या घरचा. पॉवरलूमच्या पट्ट्यात उजव्या हाताची मधली तीन बोटं गेली. मग नागपुरात फुटपाथवर साड्या विकून घर उभं केलं. नव्या बाजारात अपंगांसाठी राखीव गाळा होता. त्यासाठी चाळीस टक्क्यांचं प्रमाणपत्र हवं होतं. तेवढंच मागायला गेलो.

डॉक्टर खुर्चीतून हलला नाही.

"दुरूनच दाखव. काम काय करायचास?"

"विणकर होतो, साहेब."

"मग हा धागा जोडून दाखव." फाईलचा तुटलेला दोरा त्याने पुढे ढकलला.

आमच्या घरात तुटलेला धागा कुणी तसा ठेवत नाही. हात आपोआप गेला. अंगठा, करंगळी, दात. गाठ बसली. मला वर अभिमान वाटला!

"बघा, याला कसलं अपंगत्व? तुम्हा लोकांना सगळं फुकट पाहिजे."

दारातला शिपाई म्हणाला, "अजून एखादं बोट गेलं असतं तर काम झालं असतं न गा!"

रांग हसली. मीही हसलो. त्या हसण्याची मला आजही शिसारी येते.

घरी बायकोने विचारलं, "गाठ काहून मारून दाखवली जी?"

मी ताटावरून उठलो.

निकाल यायला पावसाळा गेला, थंडी गेली. आला तो चाळीसच्या आत. मी तक्रार केली, फेरतपासणी मागितली. खिडकीवरची बाई दर खेपेला तेच सांगायची, "प्रलंबित दाखवून राहिलं, भाऊ." तोवर गाळा दुसऱ्याला गेला.

परवा दवाखान्याच्या वरच्या साहेबांनी बोलावलं. चहा मागवला.

"तक्रार मागे घ्या. नवा अर्ज करा. आठवड्यात चाळीस टक्के देतो."

मी जन्मभर भाव केला आहे. पाठ फिरवलेलं गिऱ्हाईक परत आणलं आहे. साहेबांना वाटलं, हा सौदा मी घेणारच.

"आठवड्यात होते, तर इतके दिवस मले काहून कुजवलं?"

"हळू बोला."

"नाही बोलत हळू!"

व्हरांड्यातले लोक दाराशी आले. कुणी कुबडीवर, कुणी लेकाच्या खांद्यावर. या खेपेला कुणी हसलं नाही.

आता नुसत्या प्रमाणपत्रावर मी गप्प बसणार नाही. त्या डॉक्टरला आणा. बदली झाली असेल तर तिथून आणा. या लोकांसमोर उभं करा. तपासलं नाही, तर टक्के कुठून आणले? माझा गाळा कुणी घालवला? त्याने तोंडाने सांगावं. मी ऐकायला उभा आहे.